मांडवाखालची उडी

आंतोफागास्ता, ७ जानेवारी

ती. ओफेलियाताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू रडायला लागतेस आणि मला गप्प बसावं लागतं, म्हणून लिहितेय. आज सगळं ऐकून घे.

मिलारायचं मनगट दोन ठिकाणी मोडलंय. मार्चमध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडेल तेव्हा माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला उजव्या हाताने लिहिता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नाहीत. ट्रॅम्पोलिन मी घेऊन दिलं, भोवतीची जाळी मी घेऊन दिली, मोकळ्या अंगणात ठेव म्हणून दहादा बजावलं. तू काय केलंस? द्राक्षाच्या मांडवाखाली सरकवलंस, आणि वेलीत अडकते म्हणून जाळीच काढून टाकलीस! पोरगी खांबावर आपटणार नाही तर काय होणार? उंच उडायला मावशीनेच सांगितलं, असं ती स्वतः म्हणाली. तुला मूल नाही म्हणून दर सुट्टीत वीस तासांच्या बसने तिला तुझ्याकडे पाठवत आले, त्याचं हे फळ. फेब्रुवारीत ती येणार नाही. पुढेही नाही.

कळावे. लोभाचं तूच बघ.
यास्ना

लिमाचे, १५ जानेवारी

सौ. यास्नास,
आशीर्वाद देतेय, रागात असले तरी.

मांडवाचा दोष माझ्या माथी मार, मी नाही म्हणणार नाही. दुपारच्या उन्हात ट्रॅम्पोलिनचं काळं कापड तापतं, पाय भाजतात. आपल्याकडे जेवणाचं टेबल मांडवाखाली, पाळणा मांडवाखाली, आजाऱ्याची खाट मांडवाखाली. तेही तिथेच नेलं. खांब मला दिसलेच नाहीत. जाळी काढली ती माझी अक्कल.

पण उंच उडायला मी सांगितलं? अगं, पहिले तीन दिवस मी तिला उडूच दिलं नाही! अनवाणी चढायचं, बरोबर मधोमध उभं राहायचं, गुडघे सैल ठेवायचे आणि आधी थांबायला शिकायचं. मग पाय जेमतेम सुटतील एवढ्याच उड्या. उतरताना कडेला बसून उतरायचं. एका वेळी एकच माणूस. शेजारची पोरं मला कैदाशीण म्हणायला लागली.

नववर्षाच्या जेवणाला तुझा नवरा खाणीतली पाळी संपवून इथे आला. तू हॉस्पिटलात ड्यूटीवर होतीस. मांस अजून निखाऱ्यावरच होतं. पंच्याण्णव किलोचा हर्नान बूट काढून तिच्याबरोबर वर चढला. मी ओरडले, तर म्हणाला की ताई, म्हाताऱ्या कोंबडीसारखं कलकलू नका. त्याने दाणकन पाय टेकले आणि त्या धक्क्याने पोर वर फेकली गेली, ती सरळ खांबावर.

दवाखान्यात तिने मला शपथ घातली की आईला सांगू नकोस, बाबा चौदातले सातच दिवस घरी असतो, तेही भांडणात जातील. म्हणून मी गप्प बसले. तू माझं रिकामं घर काढलंस, म्हणून आज तोंड उघडतेय. मला मूल नाही हे मला ठाऊक आहे, यास्ना. ते पत्राने कळवायची गरज नव्हती.

कळावे. एवढं बोलूनही तुझीच,
ओफेलिया

आंतोफागास्ता, २४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न., या वेळी मनापासून.

हर्नानला विचारलं. म्हणाला की पोरीनेच वर बोलावलं होतं. एवढा मोठा बाप्या लेकीवर ढकलतोय! मी जे बोलले ते अख्ख्या इमारतीने ऐकलं. सध्या तो त्याच्या आईकडे आहे. राग तुझ्यावरही आहे, जाळी काढलीस त्याचा आणि गप्प बसलीस त्याचा. पण मुलाबद्दलचं ते वाक्य लिहिताना माझे हात झडले असते तर बरं झालं असतं. माफ कर.

मग मिलारायला समोर बसवलं. बाबाला वाचवलंस ते समजलं, पण एवढा जीव लावणाऱ्या मावशीचं नाव का घेतलंस, असं विचारलं. ती प्लास्टरची कड कुरतडत राहिली. शेवटी म्हणाली की कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं, आणि मावशी रागावली तरी संध्याकाळपर्यंत परत बोलायला लागते.

ताई, आम्हा दोघांबद्दल तिला ही खात्री नाही, मला ते गिळता येत नाहीये. शनिवारच्या बसने तिला घेऊन येतेय. मलाही चार दिवस ठेवून घे.

कळावे. लोभ उरलाय का, ते दारातच सांग.
यास्ना