मधोमध उघडणारी सायकल

पांढरकवडा
१० डिसेंबर २००६

प्रिय राजकुमार,

आधी तुला जय सेवालाल, मग माझा जयभीम. तू पुण्यात साहेब झालास तरी हा क्रम मोडायचा नाही. घरी सगळे ठीक. आमची पायल शाळेत जायला लागली आणि मलाच शुद्ध बोलायला शिकवते. कापसाचं यंदाही नाव काढू नको. लोक नवी सायकल घेत नाहीत, जुनीच दुरुस्त करत राहतात, म्हणून माझं दुकान चालतं.

तुझं पाकीट मिळालं. त्या तीन सायकलींची चित्रं दुकानात चिकटवली नाहीत तोच गर्दी झाली. शेजारचे चहावाले देवरावकाका चष्मा लावून म्हणतात, "हे सायकल व्हय का आरामखुर्ची? झोपून कायले चालवतं माणूस?"

मी म्हटलं, "राजकुमारच्या पाठीले वाकून बसनं जमत नाही, काका. रेलून बसलं का भार खुर्चीवर."

"मंग ट्रकवाल्याले दिसन कसा तो?"

म्हाताऱ्याचा मुद्दा बरोबर आहे. जी घेशील तिला मागे उंच काठी लाव आणि तिच्यावर लाल झेंडी.

आता निवडीचं. तीन चाकांची नको. आपल्या रस्त्यावर ती घेणं म्हणजे खड्ड्यांना एक चाक जास्तीचं देणं. बिजागरीवर दुमडणारी दिसायला छान आहे, पण बिजागरी झिजली तर तिचा भाग इकडे कोण देणार? मधोमध उघडणारी घे. तिच्या मुख्य नळीला दातेरी कडी आहेत, पान्यानं आवळली की नळी एकजीव. उघडली की दोन तुकडे, पोत्यात बांधून एसटीच्या टपावर टाकता येतील. दोन्ही चाकं वीस इंची, लहान मुलांच्या सायकलीची ट्यूब चालेल, ती कुठल्याही गावात मिळते. साखळी अडीचपट लांब आहे खरी, पण तुटली तर आपल्या साध्या कड्या बसतील.

सामान खुर्चीमागे दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचं भर. हे तुला मी काय सांगू! अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत आपण सायकलींवर हैदराबादला निघालो, त्या सकाळी तुमच्या तांड्यात तुझ्या आजोबांनी, धावजीबाबांनी, आपल्या पिशव्या दोन्ही हातांत तोलल्या आणि चिडले. "आमच्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं, असं कोनी भरत नव्हतं!" सगळं उपसून पुन्हा भरायला लावलं. तुझ्या आईनं, मानीबाईंनी, तिळाच्या पोळ्या बांधून दिल्या. त्या आपण पहिल्या दोन तासांतच संपवल्या. तेवढं हसलो नसेन मी नंतर कधी.

हैदराबादपर्यंत पाय टेकायचा नाही अशी शपथ, आणि करंजी गावाशीच समोरचा वारा बघून शंकरसिंगच्या ट्रकला हात केला! ट्रकात कापूस. राज्याबाहेर न्यायला बंदी, म्हणून तो लपूनछपून आदिलाबादला चाललेला. ताडपत्रीखाली आडव्या मावाव्यात म्हणून आपण सायकलींची पुढची चाकं काढली आणि कापसावर पडून आभाळ बघत गेलो. तो तासभर मला अजून सुखाचा वाटतो.

राजकुमार, तिथूनच पुढचं जवळजवळ नऊ वर्षं लिहायचं राहिलंय.

नाक्याच्या अलीकडे शंकरसिंगनं ट्रक थांबवला. "उतरा लवकर, पोलीस आहेत पुढं!" तू सायकली खाली ओढल्यास. मी पाना शोधत होतो. तो कापसात कुठे खोल गेला कोण जाणे, आणि ट्रक तर निघालाच. चाकं मी बसवली. नट बोटांनी आवळले. पुढच्या दुकानात पाना मागून घट्ट करू असं ठरवलं आणि तुला बोललो नाही. मिस्त्रीचा पोरगा पाना हरवतो, याची लाज वाटली.

पैनगंगेच्या पुलाआधीच्या उतारावर तू ओरडत सुटलास. खड्डा होता, हे खरं. पण नट आवळलेले असते तर नुसत्या खड्ड्यानं चाक निघालं नसतं.

आणि याहून वाईट सांगतो. माझ्या सायकलीचे नटही तसेच होते. मी ब्रेक धरून हळू उतरलो, कारण मला माहीत होतं.

तू चार महिने खाटेवर होतास, मी दर रविवारी येत होतो. मानीबाई ताट वाढून म्हणायच्या, "रस्ताच खराब होता, बाप्पा. तू कायले रडतं?" आणि मी त्यांच्या हातचं जेवत होतो.

तू लिहिलंस, 'दोन मागवतो, एक तुला. राहिलेलं हैदराबाद पुरं करू. जोडायच्या तूच, मी डोळे मिटून बसेन.' मला यायचंय रे. इतकं कशाचं मन झालेलं नाही माझं. पण डोळे मिटून बसू नकोस. सगळं कळल्यावरही माझ्या हाताची सायकल चालवणार असशील तर एकच मागवू नको, दोन मागव. नसशील तर एकच मागव, मी समजेन.

पत्राखाली नेहमी 'तुझा मित्र' लिहितो. आज ते लिहायचं की नाही, हे तू ठरव.

संघदीप