दादाचं नुकसान निम्मं

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, निवृत्त लेथ कारागीर, राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. थरथरतो तो हात, डोकं नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा धाकट्या भावाची लबाडी मला कळलेली नव्हती.

कलम १. लेथ, व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि ड्रिलचा संच पुतणीला. पोरीच्या हातात कसब आहे. जुना फोरमन मायक्रोमीटर मागायला येईल, त्याला देऊ नये. मागे एकदा नेला तर वर्षभर 'उद्या आणतो' म्हणत होता.

कलम २. कॉम्प्युटर आणि त्यातला अंतराळातल्या आरमारांचा खेळही पुतणीलाच. हा खेळ मी आणि धाकटा दर रविवारी एकमेकांविरुद्ध खेळत आलो. त्यात एकेक जहाज हाताने लढवता येतं, नाहीतर 'आपोआप निकाल' हे बटण दाबलं की कॉम्प्युटर हिशेब करून कोण जिंकलं ते सांगतो. माझा हात थरथरू लागल्यावर आम्ही बटणावर आलो. पण मूळ खेळ फक्त तोफा मोजायचा, दुरुस्तीच्या जहाजांना शून्य किंमत! चाळीस वर्षं दुरुस्तीखात्यात घासलेल्या माणसाने हे कसं खपवून घ्यावं? म्हणून मी खेळात स्वतःची भर घातली. पोरं तिला मॉड म्हणतात. धाकटा गणिताचा मास्तर, आकडेमोडीला तो होता.

कलम ३. त्याला एकच शिस्त लावली होती: प्रत्येक ओळीशेजारी ती का लिहिली याचा शेरा हवा. गेल्या महिन्यात फाइल चाळताना एका ओळीशेजारी शेरा सापडला: 'दादाचं नुकसान निम्मं धरावं. त्याला सांगू नये.' गधड्याने चोरीसुद्धा शिस्तीत केली.

सात वर्षं! सात वर्षं मी याच्यासमोर मिशीला पीळ देत बसलो. डॉक्टरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना माझे डावपेच ऐकवले, आणि हा शेजारी बसून मान डोलवत होता. परक्याने केलं असतं तर हसून सोडलं असतं. पाठच्या भावाने मला खुळ्यात काढलं, हे गिळवत नाही.

कलम ४. ती ओळ मी पुसली आणि काल त्याला बोलावून घेतलं.

"दादा, सुरुवातीला तू ओळीने सहा लढाया हरलास. जेवण टाकलं होतंस. मग काय करायचं मी?"

"हरवायचं होतंस."

"तुझा हात..."

"बटणाला हाताचं काय? एक तरी खरी लढाई मला मरायच्या आत हवी आहे. दाब."

त्याने डोळे पुसले आणि दाबलं. माझी बावीस जहाजं गेली, त्याची तीन. दुरुस्तीची जहाजं मी पुढच्या फळीत ठेवली होती, तीच आधी बुडाली. म्हणजे हात नव्हे, माझे डावपेचच कच्चे होते. खरं कळलं की मोकळं वाटेल असा माझा अंदाज होता. तसं काही झालं नाही. फार वाईट वाटलं, अजून वाटतं आहे.

कलम ५. आधीच्या मृत्युपत्रात राहतं घर मी धाकट्याला मायेपोटी दिलं होतं. ते कारण खोडावं. आता घर त्याला मिळेल ते त्याने मला समोरासमोर हरवलं म्हणून. त्याने ते नाकारू नये आणि कोणासमोर रडूही नये. मॉडही त्यालाच, मात्र पुन्हा कोणासाठी काही निम्मं केलंस तर याद राख.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. रविवार, ९ मार्च २०२५, सकाळी अकरा.

साक्षीदार: १. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई. २. वर्कशॉपचे जुने वॉचमन.

दोघांच्या देखत सही केली. कागद धरू का, असं धाकट्याने विचारलं. त्याला बाहेर बसवलं. सही वाकडीतिकडी आली आहे. ती माझीच आहे.