पांढऱ्या नाकाचे बेडूकमासे

१४ जुलै १९३६, नवेगाव बांध
फेस सापडला. घरामागच्या बोडीवर, म्हणजे आमच्या लहान तळ्यावर, जांभळीची फांदी वाकली आहे, तिच्या टोकाला, पाण्यापासून हातभर वर. घुसळलेल्या लोण्यासारखा पांढरा गोळा, आत अंडी. मादी शेजारच्या पानावर पाय पोटाशी घेऊन बसलेली. झाडबेडकीच. शंका नाही.
फांदी कापून आणली, पडवीत परातीवर टांगली. परातीत विहिरीचं पाणी, दोनदा गाळलेलं. खाली पडेल ते याच फेसातलं. दुसऱ्या बेडकाचं नाही. माशाचं तर नाहीच.
आता बोला, प्रोफेसर टेंभेकर.

१६ जुलै
टें.चा मजकूर पुन्हा वाचला. गेल्या वर्षीचं कात्रण, आता घड्यांवर फाटायला आलंय. मी लिहिलं होतं, बोडीत फेसाखाली पांढऱ्या नाकाचे बेडूकमासे दिसले, ते झाडबेडकाचे असावेत. त्यावर हे: "डोक्यावर पांढरा ठिपका असलेली मासोळी आमच्या कॉलेजच्या हौदातही आहे. तळ्याकाठी राहणाऱ्या लेखकास मासा व बेडूक यांतील भेद कळू नये, ही मौज आहे."
मौज! संपादकांनी "वाद मिटेपर्यंत" माझं सदर थांबवलं. बावीस वर्षं एक आठवडा चुकवला नव्हता. ताप असताना लिहिलं, आई गेली त्या आठवड्यात लिहिलं.
मी ओरडत नाही. वाट बघतो.

२१ जुलै
रात्रीच्या पावसात फेस विरघळला. सकाळी परातीत काळ्या शेपट्यांची वळवळ. भिंगातून नाक पाहिलं. ठिपका अजून नाही. येईल.

२७ जुलै
ठिपका आला! प्रत्येकाच्या नाकावर, तांदळाच्या कणीएवढा. टें.च्या कॉलेजच्या दारात उभं राहून ओरडून सांगावीशी गोष्ट, पण तोंड बंद ठेवलं. परातीतून काचेच्या मोठ्या बरणीत हलवले.

३० जुलै
कालपरवा गोंदियाला जाऊन आलो. वाचनालयाचे सेक्रेटरी लखनलाल, कापडाचं दुकान. मला बघून गिऱ्हाइकांदेखत: "आइए आइए, मछलीवाले बाबू!" सगळे हसले. मीही हसलो. हसणं लक्षात ठेवलंय, एकेकाचं.
मग म्हणाले, सप्टेंबरच्या सहा तारखेला टेंभेकर व्याख्यानाला येताहेत. विषय डबक्यातले जीव. "आप सामने बैठना. मजा आएगा."
येईन म्हटलं. मजा येईलच.
घरी आलो तर बरणी जवळजवळ रिकामी. दहाबारा बेडूकमासे तळाशी दबून, आणि मधोमध एक मासोळी, गलेलठ्ठ, डोक्यावर पांढरा ठिपका. टें.ची मासोळी!
बायकोला, यमुनेला विचारलं. ती ओसरीवर धान पाखडत होती, मान वर केली नाही. "मच्छरचे किडे होऊन राहिले होते त्या पाण्यात. आमच्या माहेरी रांजणात सोडतेत तशी मासोळी सोडली. काऊन जी, काई चुकलं का?"
चुकलं म्हणून काय सांगू. मासोळीला उचलून दुसऱ्या बरणीत टाकलं. मारणार होतो.

३१ जुलै
मारली नाही. रात्रभर दोन्ही बरण्या डोळ्यांपुढे. एकीत मासोळी, एकीत बेडूकमासे. दोन्हीकडे पांढरा ठिपका. टें.ला सभेत उभं करायचं आणि नम्रपणे विचारायचं, साहेब, यातला मासा कोणता?
यमुनेने माझं काम बिघडवलं नाही. चांगलंच केलं.

९ ऑगस्ट
फरक मला दिसतो. मासोळीचा ठिपका डोक्याच्या माथ्यावर, बेडूकमाशाचा थेट नाकाच्या शेंड्यावर. शिवाय बोडीतल्या साध्या बेडकाच्या पिल्लाचे डोळे वरच्या बाजूला असतात, याचे दोन्ही बाजूंना, दूर दूर. हे सगळं गेल्या वर्षीच्या लेखात शेवटी लिहिलंच होतं. सभेत कंदिलाच्या उजेडात, गढूळ पाण्यात, घाईत कोणाला दिसतंय.
पाणी थोडं गढूळच ठेवीन.

१६ ऑगस्ट
अडचण. दोघांना मागचे पाय फुटताहेत. पाय दिसले की लहान मूलही बेडूक म्हणेल, मग प्रश्नच उरत नाही.
वाटणी केली. तिघांना वेगळ्या बरणीत पोटभर उकडलेली भाजी, ते बेडूक होऊन शेवटी पुरावा देतील. बाकीच्यांचं खाणं तोडलं. उपाशी राहिले की पाय फुटणं लांबतं.

२३ ऑगस्ट
उपाशी बरणीतला एक मेला. यमुना बरणीपाशी उभी. "राग त्या मास्तरचा, अन् उपास याइले?"
मी म्हटलं, थोडेच दिवस.
"तुमी जेवून राहिले ना जी दोन वेळा?"
तिने भात टाकला असावा. पाण्यात शितं दिसली. काढली.

१ सप्टेंबर
लेख लिहून ठेवला. ही जुनी सवय. सभा संध्याकाळी सहाला, डाक पाचला, म्हणून वार्ताहर सभेच्या आधीच सभा लिहितो. डाक चुकली तर अंक चुकतो. लेखात टें. मासोळीच्या बरणीकडे बोट दाखवतात आणि सभागृह हसतं. नाव दिलं, 'मौज'.
चांगला झालाय. एक शब्द बदलावासा वाटत नाही.

६ सप्टेंबर, गोंदिया
सकाळच्या छोट्या गाडीने आलो, तिन्ही बरण्या मांडीवर. लखनलालच्या माडीवर उतरलो. टें.ही तिथेच उतरलेत, हे जिना चढल्यावर कळलं.
बारीक माणूस. खोकला. मी मासोळीच्या आणि उपाशी बेडूकमाशांच्या बरणीवरचं फडकं नीट करत होतो, तोच म्हणाले, "पाहू का?" नाही म्हणायला कारण सुचलं नाही.
बराच वेळ वाकून पाहिलं. चष्मा काढून पुन्हा पाहिलं. मग उजव्या बरणीवर बोट ठेवलं. "हा झाडबेडूक. ठिपका नाकाच्या शेंड्यावर, डोळे दोन्ही बाजूंना."
बरोबर होतं.
मी म्हटलं, हे केव्हापासून कळलं?
"तुमच्याच लेखातून. शेवटी लिहिलंय ना तुम्ही." चष्मा पुसत म्हणाले, "तेव्हा पहिला परिच्छेद वाचला आणि उत्तर लिहिलं. बाकीचा या पावसाळ्यात वाचला. आज सगळ्यांसमोर सांगतो."
चहा आला. त्यांनी कप आधी माझ्याकडे सरकवला.
सांगतील? खोलीत एकट्याला सांगणं वेगळं. सभेत लखनलाल समोर, हसायला तयार असलेले लोक समोर. आणि सांगितलंच, तर मी काय करू? यांना क्षमा, टाळ्या, मोठेपणा. मला मछलीवाले बाबू म्हणणारे टाळ्या यांच्यासाठी वाजवणार.

दुपार. भरल्या पोटाच्या तिघांपैकी एकाला पुढचे पाय फुटलेत. शेपटीसकट काचेवर चढून बसलाय, नाक पाण्याबाहेर. उपाशी बरणीत चार उरलेत. लखनलालकडून भात मागून घेतला, त्यात टाकला. आता पाय फुटले तर फुटू देत.

साडेचार. 'मौज'चं पाकीट बंद आहे, तिकीट लावलंय. टें. शेजारच्या खोलीत खोकताहेत, टिपणं वाचताहेत. माझं नाव दोनदा ऐकू आलं. पुढचे शब्द कळले नाहीत.
ते बोलतील की नाही, सहाला कळेल. डाक पाचला जाते.
चपला घातल्या आहेत.