बरोबर असेल तिथे टिंब

१२ जून

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. खोली बरी आहे. खिडकी एकच, आणि तिच्यातून समोरची भिंत दिसते. भिंत स्वच्छ आहे. फोनवर आपण दोघं जेवणाखाण्यापलीकडे जात नाही, म्हणून पत्र लिहिते.

कॉलेजचं हे सबंध वर्ष औषध कंपनीत काम करून काढायचं आहे. मला दिलंय ते खातं गोळ्या म्हाताऱ्या करायचं. खोलीएवढाली बंद यंत्रं आहेत. आत चाळीस अंश उष्णता आणि सारखी दमट हवा. त्यात गोळ्यांचे डबे सहा महिने ठेवले की बाहेरची दोन वर्षं गेली असं धरतात, आणि मग गोळी किती टिकली ते तपासतात. मी रोज दोनदा यंत्रावरचे आकडे बघून नोंदवहीत लिहायचे.

आमच्या साहेबीण बाईंना सगळे मागून 'कलमबाई' म्हणतात, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्यात नियमाचं एखादं कलम असतं. लिहायचं ते शाईनेच, पेन्सिल दाराच्या आत आणायची नाही. चुकलं तर खोडायचं नाही, एक रेघ मारून शेजारी सही करायची. आणि आठ दिवसांपेक्षा जास्त रजा झाली की वर्ष बाद.

स्टेशनवर तुम्ही काहीतरी विचारणार होतात आणि विचारलं नाहीत. आईची तब्येत बिघडल्याचं तुम्ही मला आठवडाभर कळू दिलं नाहीत. ती मंगळवारी गेली आणि तुम्ही मला बुधवारी कळवलंत, इथली मुलाखत झाल्यावर. त्याचं मी मनात काही धरलेलं नाही.

भात शिजवताना झाकण ठेवत जा.

तुमची,
ठमी


२४ जून

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. मी ठीक आहे. भाताला झाकण ठेवतो, आता तो खाली लागतो.

मुलाखतीविषयी लिहिलेस ते वाचले. तेव्हा मला वाटले की तुला बोलावले तर तुझे वर्ष हातचे जाईल, आणि तुझ्या आईलाही ते आवडणार नाही. ते बरोबर होते की नाही, हे विचारायला आता माणूस राहिले नाही. तू मनात धरले नाहीस यात समाधान आहे.

तब्येतीला जप.

आप्पा


१९ सप्टेंबर

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

एक सांगायचं आहे. हसू नका, आणि विश्रांती घे असंही म्हणू नका.

नोंदवहीत मी लिहिलेल्या आकड्यांखाली टिंबं येतात. पेन्सिलीची. शेवटच्या अंकाखाली, किंचित उजवीकडे. आई माझी गणितं तपासायची तेव्हा बरोबर उत्तराखाली असंच एक टिंब द्यायची. चुकलं असेल तिथे काहीच नाही. फुली तिने कधी मारली नाही. वही परत सरकवायची आणि पुन्हा कर म्हणायची.

मी सकाळी साडेनऊला आकडे लिहिते, वही मिटते, दार लावते. दुपारी दोनला परत येते तेव्हा टिंब असतं. बोट फिरवलं तर बोटाला शिसं लागतं. माझ्या सुट्टीच्या दिवशी दुसरा विद्यार्थी लिहितो, त्याच्या आकड्यांखाली काही नसतं. आधी मला वाटलं तोच चेष्टा करतोय. पण आईचं टिंब त्याला कुठून माहीत असणार?

गेल्या गुरुवारी टिंब नव्हतं. मी यंत्रातून निघणारी कागदी पट्टी काढून ताडून पाहिली. दमटपणा पंचाहत्तर होता आणि मी सत्तावन्न लिहिला होता. रेघ मारून दुरुस्त केलं, सही केली. दुपारी दुरुस्तीखाली टिंब होतं.

कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे.

ठमी


२८ सप्टेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तू दमली आहेस. परक्या गावात एकटी राहतेस, आईची आठवण येते, त्यातून हे होत असावे. वेळेवर जेव.

एवढे लिहून पाकीट चिकटवले होते. पुन्हा उघडले.

तुझ्या आईची पेन्सिल तिच्या शिवणाच्या डब्यात आहे. दर रविवारी मी तिला टोक काढतो. ती रविवारी काढत असे, एवढेच कारण. ती कोणी वापरत नाही. तू गेल्यापासून दर रविवारी टोक झिजलेले असते. मला वाटले डब्यातल्या कात्रीवर घासत असेल, म्हणून कात्री बाहेर काढून ठेवली. काल पाहिले, टोक पुन्हा बोथट होते. पेन्सिल आता माझ्या करंगळीएवढी उरली आहे.

तुला लिहू नये असे वाटत होते. पण तू मला लिहिलेस.

आप्पा


३० नोव्हेंबर

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं आहे. उत्तराला उशीर झाला कारण इथे चौकशी चालली होती.

कलमबाईंना टिंबं दिसली. त्यांनी माझी पिशवी रिकामी करायला लावली, कोटाचे खिसे पाहिले. पेन्सिल माझी निघाली तर कॉलेजला कळवून वर्ष इथेच थांबवणार म्हणाल्या. मग मला शेजारी बसवून त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. सकाळी साडेनऊला मी वही मिटून बाहेर जाते. दोन वाजेपर्यंत दिवा चालू, खोली रिकामी, वही टेबलावर मिटलेली. कोणी आलं नाही. वहीचं पान हललं नाही. दोनला मी येऊन वही उघडते आणि वाकून बघते. कलमबाईंनी ते चार वेळा पाहिलं. शेवटी चष्मा पुसत म्हणाल्या, "याला कलम नाही."

कॉलेजला कळवलं नाही. पण आता त्या सही करण्याआधी टिंब शोधतात. परवा ते नव्हतं, तर वही माझ्याकडे परत सरकवली. आप्पा, अगदी आई सरकवायची तशी, दोन बोटांनी.

डबे काढायला यंत्राच्या आत गेलं की वाटतं कोणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय. मी मागे वळत नाही. भीतीने नाही. वळून पाहिलं तर ती यायची थांबेल असं वाटतं.

तुमचं अक्षर बारीक झालंय. जेवता ना नीट?

ठमी


२० जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

सोबत घडी घातलेला एक कागद आहे. तो उघडण्याआधी हे वाच.

तुझी आई शेवटच्या आठवड्यात दोनदा तुझे नाव घेऊन बोलली. मी सांगितले की मुलगी मुलाखतीची तयारी करते आहे. ती म्हणाली, "बरं." मी तो होकार धरला. तो होकार होता की तिने नुसते ऐकून घेतले, हे मला तेव्हाही कळले नव्हते. तेव्हापासून ते 'बरं' माझ्या कानात आहे.

म्हणून मी एका कागदावर शाईने एक ओळ लिहिली: मुलीला बोलावले नाही, हे बरोबर केले. पेन्सिलीला टोक काढून कागद तिच्याबरोबर डब्यात ठेवला. आठ दिवसांनी टोक पाहिले. बोथट होते. कागद उलगडण्याचे धैर्य झाले नाही. घडी होती तशीच पाठवतो आहे. तू पाहा आणि असेल ते कळव. माझ्या वयाकडे पाहून काही झाकू नकोस.

आप्पा


३ फेब्रुवारी

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तीन दिवस कागद उघडला नाही. चौथ्या दिवशी दुकानातून पेन्सिल आणली, टोक काढलं, आणि कागदासमोर बसले. एक टिंब दिलं असतं तर तुम्हाला झोप लागली असती. ते तुम्हाला खरं वाटलं असतं आणि मी जन्मभर बोलले नसते. पण इथे आठ महिने एकच गोष्ट डोक्यात घातली आहे: जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही.

उघडला. टिंब नाही, आप्पा. भिंगाने पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. टोक झिजलं असेल तर ते माझ्या वहीत झिजलं. त्या आठवड्यात माझ्या एकाही आकड्याचं टिंब चुकलं नाही.

आणखी एक. मी जूनमध्ये लिहिलं होतं की मनात काही धरलेलं नाही. ती नोंद खोटी होती. खोडत नाही, एक रेघ मारते आणि शेजारी सही करते. मी मनात धरलं होतं. मला त्या आठवड्यात तिच्या उशाशी बसायचं होतं. मुलाखत गेली असती तर गेली असती.

पण आईने तुमच्यावर फुलीही मारलेली नाही. कागद परत पाठवते आहे. तिच्या वतीने मला एवढंच करता येतं.

ठमी


१६ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. दोन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याकडे पाहत होतो. काल त्याचा अर्थ लागला: पुन्हा कर.

जे मागच्या पत्रात लिहिले नाही ते लिहितो. ऑक्टोबरात माझ्या पोटात गाठ निघाली. औषधाने कमी होईल असे आधी वाटले होते, ती झाली नाही. चार मार्चला ऑपरेशन आहे. जूनमध्ये तुझे वर्ष पुरे होईपर्यंत थांबता येईल का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते नाही म्हणाले. तेव्हा ठरवले होते की तुला कळवायचेच नाही, जे होईल ते नंतर कळेल. शेजारच्या मास्तरांकडून तसे वचनही घेतले होते. आज सकाळी जाऊन त्यांना त्यातून मोकळे केले. ते म्हणाले, देवाने तुम्हाला फार उशिरा अक्कल दिली. मी म्हणालो, देवाने नाही.

आठ दिवसांच्या रजेत हे भागणार नाही. तुझे वर्ष बाद होईल. ते मला दिसते आहे, तरी लिहितो. हे पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असे लिहायची रीत आहे. या वेळी तू असावीस.

आप्पा