निळ्या रंगाचा ओरखडा

सक्करदरा, नागपूर
१८ एप्रिल २०२५

ती. पंचफुलाबाईस,
धाकट्या भावाचा सविनय जयभीम वि. वि.

तुले फोनवर आयकू येत नाही अन् ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. इकडं आम्ही सगळे मजेत. ऊन म्हणशील तं नुसती आग. सौरवले सांग, मौद्याहून नागपूर काही विलायतेत नाही, सुटीच्या दिवशी आईले घेऊन येत जा म्हणा.

बाई, माझ्या गाडीचा बंपर गेला. समोरचा डावा कोपरा आत बसला अन् वीतभर ओरखडा, त्याच्यात निळा रंग चिकटलेला. जयंतीच्या आदल्या दिवशी मी आपलं फाटक निळं रंगवलं, उरलेल्या रंगात समोरच्या धोंडबानं आपला उसाच्या रसाचा ठेला रंगवला. तो ठेला लिंबाखाली माझ्या गाडीजवळच लावतो. आता सांग, ठोकर कोणाची? एकतीस वर्षं साहेबांची जीप चालवली, तिले कधी खरोंच नाही आली. अन् घरासमोर उभ्या गाडीची ही गत!

कंपनीच्या वर्कशॉपमधे नवा बंपर, रंग, मजुरी मिळून अकरा हजार सांगितले. मी तं हबकलोच. तलावाकडचा डेंटिंगवाला म्हणे, प्लास्टिक आहे काका, गरम करून कोपरा बाहेर काढतो, पुट्टी मारून रंगवून देतो, चार हजार द्या. मी धोंडबाले चार लोकांसमोर धरलं. त्यानं हात जोडले, म्हणे माझाच ठेला घसरला असंल, अन् दुसऱ्या दिवशी चार हजार आणून दिले. पैसे घेतले, पण मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. तीस वर्षांची दोस्ती, आधीच येऊन सांगाले काय झालं होतं? मी चुकलो काय, तूच सांग.

आहे तशी माया राहू दे.
तुझा देवा

मौदा
२२ एप्रिल २०२५

चि. प्रेमिलास,
अ. उ. आ. वि. वि.

देवाचं पत्र आलं. उत्तर मी तुले लिहून राहिली, हे त्याच्या हाती देऊ नको वं. सौरवची शिफ्ट रात्रीची झाली, त्यामुळं घरी दिवसभर चिडीचूप. मले तसंही आयकू येत नाही, म्हणून माझं काही अडत नाही.

जन्मभर पोरांना गणित शिकवलं, पण हे गणित काही सुटत नाही. धोंडबा म्हणजे पाच रुपयांसाठी गिऱ्हाइकाशी अर्धा तास भांडणारा माणूस. त्यानं हुज्जत न घालता चार हजार काढून दिले? मागं आली होती तेव्हा पाहिलं, त्याचा ठेला साखळीनं लिंबाले बांधलेला असतो. तो घसरंल कसा? अन् तोच निळा रंग आपल्या फाटकालेही आहे नं? तू घरीच असतेस. काय पाहिलं ते न भिता लिही. देवाले मी खांद्यावर खेळवलं, त्याच्याशी कसं बोलायचं ते मी पाहून घेईन.

नातीचा, आपल्या नंदिनीचा, माझ्या वतीनं एक पापा घे.
तुझी नणंद, पंचफुला

सक्करदरा, नागपूर
२६ एप्रिल २०२५

ती. बाईंस,
प्रेमिलाचा सादर जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडूच आलं. कोणीतरी विचारावं याचीच मी वाट पाहून राहिली होती.

त्या सकाळी मी गच्चीवर कुरड्या घालत होती. हे गाडी फाटकाबाहेर काढत होते. डावा कोपरा फाटकाच्या पल्ल्याले घासत गेला, केवढा आवाज झाला! यांना वाटलं फाटकच फरशीले घासलं, ते नेहमीच घासते. गाडी लिंबाखाली लावून हे उजवीकडून उतरले अन् सरळ घरात आले. धोंडबाभाऊ समोरच उभे होते, त्यांनी सगळं पाहिलं. संध्याकाळी ह्यांनी त्यांना चारचौघांत धरलं तेव्हा मी बोलाले पुढं झाली, तं भाऊंनीच मान हलवून मले थांबवलं. ते पैसे त्यांनी ऊस घ्याले ठेवले होते बाई. तेव्हापासून मले घास गोड लागत नाही.

यांच्या डाव्या डोळ्यात काहीतरी बिघाड आहे. ताटात डावीकडं वाढलेली चटणी दिसत नाही, अन् वाढलीच नाही म्हणून माझ्यावर खेकसतात. मंगळवारी हे नातीले शाळेत सोडाले निघाले तेव्हा मीही गाडीत होती. शाळेजवळ डावीकडून एक पोरगी सायकलवर आली. मी किंचाळली म्हणून ती वाचली. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणतात, मले ड्रायव्हरकी शिकवू नको. आज बंपरवर निभावलं, उद्या कोणाचं लेकरू असंल. तुमच्याशिवाय हे कोणाचं आयकत नाहीत.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पदरात घ्या.
तुमची प्रेमिला

मौदा
२९ एप्रिल २०२५

चि. देवास,
अ. उ. आ. वि. वि.

मी चुकलो काय, असं तू विचारलंस. हाव गा, चुकलास. फाटकापाशी जा अन् डावा पल्ला नीट पाहा. तुझा बंपर ठेल्यानं नाही, आपल्या फाटकानं फोडला, अन् गाडी तू चालवत होतास. प्रेमिलानं पाहिलं. तिच्यावर डाफरायचं नाही, मी खोदून विचारलं म्हणून तिनं सांगितलं. धोंडबानंही पाहिलं होतं, अन् तरी त्यानं हात जोडले.

तुझी ड्रायव्हरकी कोणी काढून राहिलं नाही, देवा. डोळा बिघडला असंल तं तो काही तुझा गुन्हा नाही. माझे कान गेले, मी काय तोंड लपवून बसली? मले तुझी काळजी वाटते, अन् त्या सायकलवरच्या पोरीची त्याहून जास्त. डोळे तपासेस्तोवर गाडीची चाबी प्रेमिलाजवळ राहील. आयकलं नाहीस तं सौरवले घेऊन येईन अन् ह्या वयात, नातीसमोर, तुझा कान पिळीन.

रागावलास तरी माझाच आहेस.
तुझी बाई

सक्करदरा, नागपूर
११ मे २०२५

ती. बाईस,
देवाचा सविनय जयभीम वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. दोन दिवस प्रेमिलाशी बोललो नाही. मग ह्या दोघी खोट्या पाडाव्या म्हणून फाटकापाशी गेलो. पल्ल्याचा निळा रंग वीतभर उडालेला, अन् तिथं माझ्या गाडीचा पांढरा रंग लागलेला. नखानं खरवडून पाहिला, माझ्याच गाडीचा.

दवाखान्यात दाखवलं. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे. गेली ती परत येत नाही, उरली ती टिकवाले रोज थेंब टाकायचे. आतापर्यंत गाडी कशी चालवत होता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तं मी खिशात हात घातला. चाबी प्रेमिलाले दिली. खूप रडू आलं बाई, तुझ्यापासून काय लपवू.

बंपर अजून तसाच आहे. डेंटिंगवाल्याकडं नंबर लागायचा होता, त्यामुळं धोंडबाचे पैसे घरातच होते. ते घेऊन काल त्याच्याकडं गेलो अन् चार लोकांसमोरच माफी मागितली. त्यानं मले बाजेवर बसवलं, रस पाजला, पैसे मोजून घेतले अन् वरून रसाचे वीस रुपये मागितले. मी हसलो, तोही हसला. हे बालंट अंगावर काहून घेतलं म्हणून विचारलं. तं म्हणे, तू बंपरपाशी उभा होता तेव्हा तुझं तोंड पाहवत नव्हतं गा. बंपर चार हजारात सुधरते, माणूस कितीत सुधरते ते मले ठाऊक नव्हतं.

मग त्याची बायको आतून बोलली. म्हणे, हे एवढंच सांगून राहिले, बाकीचं सांगत नाहीत. मग तिनंच सांगितलं: बंपर फुटला त्या दिवसापासून शाळेले सुट्या लागेपर्यंत, मी नंदिनीले गाडीत घेऊन निघायच्या वेळी धोंडबा रोज ठेला सोडून गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा अन् शाळेतली पोरं, सायकली हात आडवा करून थांबवून धरायचा. बाई, मी रोज त्याच्या बाजूनं गेलो. तो मले एकदाही दिसला नाही. तो डावीकडं उभा राहायचा.

तुझी माया माझ्यावर, अन् आता त्याच्यावरही असू दे.
तुझा देवा