दोन हातांचं कुलूप

अप्पा, तुमची बोटं खरंच हलत होती. आता कळून कुणाला काय फायदा, पण कळलंय तर सांगते.

मला लकवा मारला, उजव्या अंगाला. पाय ओढत का होईना चालतो. जीभ जशीच्या तशी आहे. सून म्हणते, नेमकी तीच कशी वाचली. हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी आणून चिकटवल्यासारखा लोंबतो. चाकणात तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत पडून आहे. पोरगा आणि सून कंपनीच्या बसनं पहिल्या शिफ्टला जातात आणि जाताना बाहेरून कुलूप लावतात. मी जिन्यात पडले ना, तेव्हापासून. दुसरी चावी शेजारणीकडं. मी भांडले, ‘‘मी काय बकरी आहे का रे, दाराला बांधायला?’’ तर तो म्हणाला, ‘‘आई, दोन्ही हातांनी कुलूप उघडून दाखव, त्या दिवसापासून चावी तुझ्याकडं.’’ आणि एक जुनं कुलूप मांडीवर टाकून गेला. डाव्यानं कुलूप धरायचं, उजव्यानं चावी फिरवायची. एका हातानं करायला गेलं की कुलूपच चावीबरोबर फिरतं, मेलं. दिवसभर ते कुलूप, मी आणि खालून जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न.

व्यायाम करून घ्यायला एक पोरगी येते. शेजारीण दार उघडून देते, ही आत आल्या आल्या माझा हात धरते. मी तिला विचारलं, हात धड दिसतोय, सुजला नाही, मोडला नाही, मग हलत का नाही? तिनं माझ्याच डोक्यावर बोट फिरवून दाखवलं. ‘‘मावशी, इथं टाळूपासून कानापर्यंत मेंदूच्या वरच्या सालीत एक पट्टी असते. हुकूम तिथनं सुटतो. तिच्या पुढच्या भागात आधी बेत ठरतो, चावी कशी धरायची, कुठं वळवायची. डावीकडचा हुकूम उजव्या हाताला. अख्ख्या पाठीला त्या पट्टीत एवढुशी जागा, आणि अंगठ्याबोटांना मोठी.’’ माझी पट्टी म्हणे शाबूत आहे. खाली येणारी तार मध्येच मेली. मी आयुष्यभर गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधले, मला म्हणते तार मेली! म्हटलं, ‘‘मग बदल की. आमच्या लाईनीवर एवढ्याला कुणी रडत नाही.’’ ती हसली. ‘‘ह्या बदलत नाहीत मावशी. शेजारच्या तारा हळूहळू काम शिकतात. पण हुकूम रोज गेला पाहिजे. हात हलवायच्या आधी डोळे मिटून मनात हलवायचा.’’

तेव्हा तुम्ही आठवलात. पिंपरीची ती चाळ, चुलीपुढं आई भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून. कारखान्यात तुमच्या पत्रा ठोकायच्या प्रेसला दोन बटनं होती. दोन्ही हात बटनांवर असल्याशिवाय वरचा ठोकळा खाली यायचाच नाही, म्हणजे हात आत राहायला नको. पण टार्गेट गाठायला सगळेच एका बटनात काडी खुपसून ते दाबलेलं ठेवायचे, आणि मोकळ्या हातानं पत्रा सारायचे. तुम्हीही. गेली बोटं. जखम भरल्यावर तुम्ही तो थोटा पंजा पुढं करून म्हणायचात, ‘‘बघ, मूठ वळली आत्ता.’’ मी म्हणायचे, ‘‘अप्पा, नाटकं नका करू. न्हाईत ती बोटं कशी वळतील?’’ तुम्ही डाव्या हातानं टपली मारायचात. ‘‘तुला दिसत न्हाई म्हणून काय झालं? मला वळल्याली कळतीया.’’ आई तव्यावरची नजर न हलवता म्हणायची, ‘‘वळली तर त्या मुठीनं पाणी भरून आणा.’’

पोरीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बोटं गेली तरी पट्टीतली त्यांची जागा जात नाही, तिथनं हुकूम सुटत राहतो. म्हणजे बघा, तुमच्याकडं हुकूम होता, बोटं नव्हती. माझ्याकडं पाचही बोटं आहेत, हुकूम वाटेत मरतो. मी रोज डोळे मिटते. अंगठा चावीवर, बोट खालून, मनगट वळव. मनात शंभरदा कुलूप उघडतं. डोळे उघडले की हात मांडीवर तसाच, तोंड वर करून पडलेला. संताप येतो. एकदा कुलूप भिंतीवर फेकून मारलं, डाव्या हातानं. मग तेच उचलायला जमिनीवर बसले आणि उठता येईना. सून येईपर्यंत तिथंच बसून होते.

हे डाव्या हातानं लिहितेय. चौथीपर्यंत शिकले त्यातही अक्षर कधी धड नव्हतं, तेव्हा तुम्ही असतात तरी तुम्हाला वाचता आलं नसतंच. पंख्यानं कागद उडतो म्हणून उजवा हात त्यावर ठेवलाय. तो मी स्वतः उचलून ठेवला, डाव्यानं धरून नाही.

अप्पा, कुलूप आज दुपारी उघडलं. बोटं वाकडी, खांदा वर गेलेला, पण चावी फिरली. मग मी दाराकडं बघत बसले. जिन्याचा बेत डोक्यात मांडून पाहिला, आधी कुठला पाय, कठडा कुठल्या हातात. दुसऱ्या पायरीवर येऊन डोकं थांबतंय. पोरगा मघाशी आला, विचारलं, ‘‘उघडलं का?’’ मी कुलूप परत लावून ठेवलं होतं. नाही म्हणाले.