देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

रेवदंडा, सोमवार, दिवेलागण

आज अलिबागला जाऊन आले. बाबांनी नारळी पौर्णिमेला म्हटलेली गाणी त्या पेनड्राइव्हमध्ये होती. ते गेल्यापासून आईने तो देव्हाऱ्यात ठेवलाय. रोज फूल वाहते. ऐकायचा धीर तिलाही झाला नाही, मलाही नाही.

शेवटी धीर करून तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानदाराने दोनदा लावून बघितला. "ताई, यात विजेचे बारीक कण कोंडलेले असतात, त्यांतच आवाज. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला की ते निसटत जातात. अधूनमधून लावायचा होता."

म्हणजे जपला म्हणूनच गेला? हे आईला कुठल्या तोंडाने सांगू?

ती दारातच उभी होती. "बोलले का गो बाबा?"

दुकान बंद होतं, म्हटलं.

तिने पेनड्राइव्ह पदराने पुसला, देव्हाऱ्यात ठेवला आणि फूल वाहिलं.